ऐकायला नाही कोणी

३ सप्टेंबर

चि. बारक्या,

पोट सुटलं, केस पिकले, तरी तू माझा बारक्याच. पत्र आलंय म्हणजे काहीतरी आहे हे तू ओळखलंच असशील. आमचं घर दोन खोल्यांचं. फोनवर कुजबुजलं तरी आतल्या खोलीत ऐकू जातं. म्हणून हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत, जेवणाच्या सुट्टीत, गरम चादरींच्या ढिगाला पाठ टेकून लिहितेय.

शनिवारी तुझे भाऊजी फुटबॉलच्या मॅचला गेले होते. चौदा वर्षांनी. ती बस त्यांच्या हातून पुलावरून नदीत गेली, तेव्हापासून त्यांनी मैदानाचं नाव काढलं नव्हतं. आमच्या गावच्या संघाचे, तांबड्यांचेच पाठीराखे होते सगळे बसमध्ये, मॅच जिंकून गात परत येत होते. एकतीस माणसं, त्यातली नऊ गेली. ब्रेकचा पाइप फुटला होता, ड्रायव्हरचा काही दोष नाही, असं चौकशीत निघालं. सरकारनं ह्यांना सोडलं, पण ह्यांनी स्वतःला नाही सोडलं. तेव्हापासून डेपोत हरवले-सापडलेच्या खिडकीवर बसतात आणि लोकांच्या छत्र्या सांभाळतात.

यंदा डेपोतला एक कंडक्टर हात धुऊन मागे लागला. म्हणाला, निळ्यांशी मॅच आहे, घरच्या मैदानावर आहे, चला. हे गेले. मला इतकं बरं वाटलं, की मी त्यांचा जुना तांबडा मफलर इस्त्री करून दिला.

संध्याकाळी परत आले, हातपाय धुतले, मफलर घडी करून ठेवला. मी विचारलं, "कशी झाली मॅच?" म्हणाले, "हरलो." बस, एवढंच. रविवारी कंडक्टर येऊन मला सांगून गेला. मध्यंतराच्या आधी तुमच्या गावच्या निळ्यांच्या अख्ख्या स्टँडनं गाणं म्हटलं:

हळू चालवा ड्रायव्हरसाहेब, पुढं आलंय पाणी
हॉर्न वाजतोय पाण्याखाली, ऐकायला नाही कोणी!

आणि मग तीन-चार हजार माणसांनी तोंडाला हात लावून एकदम 'पोंऽऽऽ' केलं. पुन्हा पुन्हा. हे मान खाली घालून चपलेकडे बघत बसले होते म्हणे.

तू दर शनिवारी त्याच स्टँडात असतोस. असली गाणी बनवतं कोण रे? त्याला आईबाप आहेत की नाहीत?

तुझी,
ताई


१२ सप्टेंबर

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र छापखान्याच्या पत्त्यावर आलं ते बरं झालं. औषधाच्या खोक्यांचं मोठं काम चालू आहे, मी घरी फक्त झोपायला जातो. त्या शनिवारी तिकडच्या मॅचलाही मला येता आलं नाही, मशीनचा रोलर गेला होता. आलो असतो तर घरी डोकावल्याशिवाय राहिलो असतो का?

वाचून वाईट वाटलं. पण ताई, तू मैदानावर कधी गेली नाहीस, म्हणून तुला ते भयंकर वाटतं. तिथं कोणी कोणाला सोडत नाही. तुमचे तांबडे आमच्या चामड्याच्या कारखान्यावरून काय म्हणतात ते ऐक एकदा. आमच्या गोलकीपरची बायको त्याला सोडून गेली, तर नव्वद मिनिटं त्याला तिची खुशाली विचारत होते. शिव्या मैदानावर द्यायच्या आणि मैदानावरच टाकून यायच्या. दार ओलांडलं की निळा आणि तांबडा एकाच टपरीवर चहा पितात.

कोण बनवतं म्हणशील, तर नदीचं मूळ आणि गाण्याचं मूळ विचारू नये. एकाच्या तोंडून निघतं, दुसरा शेपूट जोडतो. भाऊजींना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका. त्यांना उद्देशून कोणी म्हणत नाही. ड्रायव्हर म्हणजे आपला असाच कोणीतरी ड्रायव्हर.

तुझा,
बारक्या


२० सप्टेंबर

चि. बारक्या,

असाच कोणीतरी ड्रायव्हर? नदीत गेलेल्या बसचा असाच कोणीतरी ड्रायव्हर आणखी किती आहेत इथं?

तुला कदाचित माहीत नसेल, पण मला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तू सोबतीला आला होतास. व्हरांड्यात बाकावर दोघं बसला होता. डोळ्याला पट्टी असली की माणसाला धीर येतो बहुतेक. मी चहा घेऊन आले आणि दाराआड थांबले, कारण हे बोलत होते. मला आजवर जे सांगितलं नाही ते तुला सांगत होते. बस बुडाली तेव्हा त्यांनी हॉर्न दाबून धरला होता. पाणी छातीपर्यंत आलं, गळ्यापर्यंत आलं, तरी तो वाजत होता. पाण्याखालीसुद्धा थोडा वेळ वाजला. मग बंद पडला. "वाटलं होतं कोणीतरी ऐकेल," असं म्हणाले. मी चहा थंड होईपर्यंत तिथंच उभी होते.

हे चौकशीत आलं नाही, पेपरात आलं नाही. मग त्या गाण्यात कसं आलं?

मी परवा न राहवून ह्यांना तेच विचारलं. दाराआडून ऐकलं होतं हेही कबूल केलं. म्हटलं, माझ्या भावाच्या तोंडून कुठं निसटलं तर नसेल? तर माझ्यावरच उखडले. "मेहुणा आहे तो माझा. त्याच्या पोटात राहतं. त्याचं नाव काढायचं नाही." मला माझीच लाज वाटली. तरी विचारते. तू कोणापाशी बोलला होतास का? छापखान्यात, टपरीवर? रागावणार नाही. फक्त खरं सांग.

आणखी एक. हे रोज संध्याकाळी एक वही घेऊन बसतात. त्या बसमधून वाचलेल्यांपैकी कोण कुठं राहतो त्याची यादी करताहेत. कशासाठी ते सांगत नाहीत.

ताई


४ ऑक्टोबर

ती. ताईस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. काम, दुसरं काय.

खूप आठवून पाहिलं. छापखान्यात जेवताना कधी विषय निघाला असेल, मी काही बोललो असेन, कोणी ते उचललं असेल. नक्की सांगता येत नाही. भाऊजी माझ्याबद्दल तसं म्हणाले हे वाचून काय वाटलं ते लिहिता येत नाही.

त्या यादीचं मात्र काहीतरी कर. जुन्या लोकांच्या दारात जाऊन काय मिळणार आहे? कोणी काहीबाही बोललं तर? तू समजाव त्यांना. गाणी काय, आज आहेत उद्या नाहीत. पुढच्या हंगामात कोणाला आठवणारही नाही.

बारक्या


१६ ऑक्टोबर

चि. बारक्या,

समजावू कशी? तू त्यांना बघायला हवा होतास.

रविवारी सकाळी दाढी करतात. चौदा वर्षं हा माणूस सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून उठायला मागत नव्हता. आता वही खिशात घालून, शर्टाची कॉलर नीट करून बाहेर पडतात. वाचलेल्यांपैकी अकरा जण अजून गावात आहेत. चार घरं झाली.

शेवटी काल माझ्यापाशी बोलले. त्यांचं म्हणणं असं. ज्यानं ते गाणं लिहिलं त्याला हॉर्न पाण्याखाली वाजल्याचं माहीत आहे. म्हणजे कोणीतरी तो ऐकला. ज्यानं लिहिलं त्यानं नसेल, तर ज्यानं त्याला सांगितलं त्यानं. मी म्हटलं, मग काय? माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मला काहीच कळत नाही. "अगं, होड्या दहा मिनिटांत आल्या होत्या. कोणी बोलावल्या ते कधी कळलं नाही. मी आजवर स्वतःला म्हणत आलो, की हॉर्न दाबत बसलास मूर्खा, तेवढ्या वेळात मागचं दार उघडलं असतंस तर आणखी दोघं-चौघं निघाली असती. पण हॉर्न ऐकूनच होड्या आल्या असतील तर? मग ती बावीस माणसं माझ्या हॉर्ननं वाचली की!"

बारक्या, असं म्हणताना ते हसले. मी लग्नानंतरचं त्यांचं हसू विसरले होते.

चौथ्या घरातला म्हातारा इस्त्रीवाला म्हणाला म्हणे, "हो हो, मलाही वाटतं ऐकला होता." झालं, तेव्हापासून पाय जमिनीवर नाहीत. आता पेपरात निवेदन द्यायचंय. डेपोच्या फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलंय. मी उतरवून देते: "चौदा वर्षांपूर्वी पुलावरून बस पडली, त्या संध्याकाळी पाण्याखालून हॉर्न ऐकलेल्या व्यक्तीने, किंवा त्यावर गाणे रचणाऱ्या व्यक्तीने, कृपया डेपोतील हरवले-सापडले खिडकीवर भेटावे. कोणतीही तक्रार नाही."

सोमवारी पेपरच्या कचेरीत देणार आहेत. त्या गाणं करणाऱ्या मेल्याला मी किती शिव्या मोजल्या होत्या. आता वाटतं, देवच त्याच्या तोंडून बोलला की काय.

तुझी,
ताई


१९ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र टपालानं वेळेवर पोचणार नाही, म्हणून सकाळच्या बसच्या कंडक्टरच्या हाती देतोय. भाऊजींना पेपरच्या कचेरीत जाऊ देऊ नकोस.

ते गाणं मी केलंय.

दुसरं कोणी नाही. आमच्या स्टँडात मला कविराज म्हणतात. गेली सहा-सात वर्षं निळ्यांची निम्मी गाणी माझीच आहेत. हातात भोंगा धरून पहिली ओळ मी म्हणतो, मग बाकीचे उचलतात. तुला कधी सांगितलं नाही, कारण तुला आवडलं नसतं. आणि रोलर गेला होता हे खोटं. त्या शनिवारी मी तुमच्या मैदानावर होतो. भोंगा माझ्याच हातात होता. भाऊजी समोर बसलेत हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर थांबलो असतो असं लिहावंसं वाटतं. पण खात्री देता येत नाही.

कसं झालं तेही सांगतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी छापखान्यात मशीनपाशी उभा होतो. तुमच्याविरुद्ध नवं काहीतरी हवं, अशी सगळ्यांची भुणभुण चालली होती. 'ड्रायव्हरसाहेब' सुचलं, 'पाणी' सुचलं. पाणीला जोड हवी होती. आणि एकदम 'कोणी' आलं, त्याच्यासोबत भाऊजींचा आवाज आला, तो व्हरांडा आला, सगळं आलं. मला कळलं होतं ताई. न कळता झालं असं म्हणून सुटका करून घेता आली असती, पण मला कळलं होतं. एक मिनिटभर मी हात थांबवला. मग वाटलं, ओळ फार चांगली आहे. बाइंडिंगवाल्याला म्हणून दाखवली, तो पोट धरून हसला. त्यानं दुसऱ्याला सांगितली. तास संपायच्या आत खाली पॅकिंगमधून 'पोंऽऽऽ' ऐकू यायला लागलं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आयुष्यात माझ्या कशालाच कोणी तेवढी दाद दिली नव्हती.

हॉर्न कोणी ऐकलेला नाही. भाऊजींनी मला सांगितला, मी त्याचं गाणं केलं. एवढंच आहे ते.

बारक्या


२४ ऑक्टोबर

पेपरात द्यायचा कागद त्यांच्या पँटच्या खिशात होता. मी पँट धुवायला टाकली. लगदा झाला म्हणून दाखवला. तीस वर्षं लॉन्ड्रीत खिसे तपासायचं काम करणारी बाई मी. त्यांनी विश्वास ठेवला, "असू दे, पुन्हा लिहीन" म्हणाले. पंचवीस वर्षांच्या संसारात मी त्यांना सांगितलेलं हे पहिलं खोटं.

मी सांगणार नाही. तू ये आणि तू सांग. त्यांच्या डोळ्यांत बघून सांग. ते हसू माझ्या हातानं मला पुसायचं नाही.

तोवर मला ताई म्हणून पत्र लिहू नकोस.


९ नोव्हेंबर

काय म्हणून लिहू ते समजत नाही, म्हणून काहीच लिहीत नाही.

मी येणार होतो. पण आधी ते गाणं बंद करावं आणि मग तोंड दाखवायला यावं, असं ठरवलं. गेल्या शनिवारी आमच्याकडे मॅच होती, तुमच्याशी नाही, दुसऱ्याच कोणाशी. तरी विसाव्या मिनिटाला मागून कोणीतरी सुरू केलं. मी कुंपणावर चढलो, भोंगा तोंडाला लावला आणि म्हणालो, "हे नको. हे आजपासून बंद. त्या बसचा ड्रायव्हर माझा मेहुणा आहे."

आधी हसले. त्यांना वाटलं कविराज नवीन काहीतरी काढतोय. मग मी पुन्हा सांगितलं. तेव्हा शांतता झाली, खरंच झाली. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात वरच्या पायरीवरून एकजण ओरडला, "मेहुणा तांबडा, म्हणजे हाही तांबडाच!" खाटकाचं दुकान आहे त्याचं, दहा वर्षं माझ्या शेजारी उभा राहतो, माझ्या डब्यातलं खातो. त्यानं माझ्या हातातून भोंगा घेतला आणि गाणं सुरू केलं. सगळ्यांनी उचललं. पहिल्यापेक्षा मोठ्यानं. आणि शेवटचं 'पोंऽऽऽ' माझ्या तोंडाजवळ तोंड आणून. मी कुंपणावरून खाली आलो की मला खाली ओढलं ते आठवत नाही. मनगट मोडलंय. प्लास्टर डाव्या हाताला आहे, म्हणून लिहिता येतंय. घरी बायकोला आणि फोनवर पोरीला जिन्यावरून घसरलो म्हणून सांगितलं.

बाहेर पडताना कानावर आलं. माझ्यावर नवीन गाणं तयार झालं होतं. चाल माझीच.

मी केलं म्हणजे ते माझं आहे, असं मला वाटत होतं. थांब म्हटलं की थांबेल असं वाटत होतं.

सतरा तारखेला रविवार आहे. नऊच्या बसनं येतो.


२१ नोव्हेंबर

मेहुणे,

तुझी ताई ड्यूटीवर आहे. मी खिडकीवर बसून लिहितो आहे. आज गर्दी नाही. सकाळपासून एक डबा आणि एक काठी जमा झाली.

रविवारी तू आलास. दोन तास बसलास. हवापाण्याचं बोललास, मनगटाचं बोललास, छापखान्याच्या नव्या मशीनचं बोललास. ताई तीनदा उठून आत गेली, आपल्याला एकटं सोडायला. मी वाट बघत होतो. तू चहाचे तीन कप प्यायलास आणि उठलास. दारात उजव्या पायात डावी चप्पल घातलीस आणि तशीच ओढत फाटकापर्यंत गेलास.

तू सांगितलं नाहीस. सांगायची गरजही नव्हती. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं असं मी म्हणणार नाही. पण मी यादी केली तेव्हा अकरा दारं लिहिली आणि बारावं लिहिलं नाही, कारण ते तुझं होतं. बाकी कोणाकडे तरी सापडेल, म्हणून फिरत होतो. आणि तुझी ताई खिसा तपासल्याशिवाय पँट पाण्यात टाकत नाही, हे मला पंचवीस वर्षं ठाऊक आहे.

अकरा घरं पूर्ण झाली. त्या आरडाओरड्यात हॉर्न कोणी ऐकला नाही. इस्त्रीवाल्याकडे पुन्हा गेलो. तो रडायला लागला, म्हणाला, "तुमचं तोंड बघून 'नाही' म्हणवलं नाही हो." शेवटच्या घरी कळलं, होड्या पुलाच्या चौकीदारानं बोलावल्या होत्या. त्यानं तुटलेला कठडा बघितला होता. आवाज वगैरे काही नाही. तो विषय संपला.

आता महत्त्वाचं. अकरापैकी एकानं मला आणखी एक पत्ता दिला. मागच्या दाराजवळच्या सीटवर एकवीस वर्षांचा एक मुलगा होता. गेला. त्याची आई अजून आहे. मी चौदा वर्षं त्या गल्लीतून गेलो नव्हतो. गेल्या आठवड्यात गेलो. हॉर्नचं सांगितलं, दाराचंही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग मी गाण्याचं विचारलं. तिनं ते ऐकलंय. तिच्या घरापासून मैदान दोन गल्ल्यांवर आहे. तिनं विचारलं, "कोणी केलं ते?" मी म्हणालो, माझ्या मेहुण्यानं. तेव्हा माझ्या तोंडून ते पहिल्यांदा बाहेर पडलं. ती म्हणाली, "तरुण आहे का?" मी म्हणालो, बावन्न वर्षांचा आहे. म्हणाली, "तरुण असता तर सोडून दिलं असतं. त्याला घेऊन या."

एक डिसेंबर, रविवार, सकाळी दहा. मी तुझ्यासोबत येईन. बोलणं मात्र तुझं तूच करायचं.

माझ्याकडून क्षमा वगैरे काही मागू नकोस. ती माझ्यापाशी सध्या नाही.

तुझ्या बहिणीचा नवरा


१७ डिसेंबर

ताई,

भाऊजींनी तुला किती सांगितलं माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो. ताई म्हणतोय. चालत नसेल तर तसं कळव.

तिसऱ्या मजल्यावर घर आहे. एक खोली, खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीवर फोटो नाही. मी कल्पना केली होती की फोटो असेल आणि मला त्याच्याकडे बघावं लागेल. तिनं आम्हाला बसायला सांगितलं आणि स्वतः मशीनपुढच्या स्टुलावर बसली. परकर शिवत होती, तो हातातून खाली ठेवला नाही.

म्हणाली, "म्हणून दाखवा."

मी म्हटलं, माझ्याच्यानं होणार नाही.

"चार हजार लोकांपुढं होतं, माझ्यापुढं का होत नाही?"

मी म्हणालो. बसल्या जागी, चाल न लावता. शेवटचं ते 'पों' मी गाळलं. म्हणाली, "आणखी काहीतरी आहे ना?" तेही केलं. ताई, त्या खोलीत ते कसं वाजलं ते मी तुला सांगू शकत नाही. भाऊजी खिडकीबाहेर बघत होते.

मग तिनं विचारलं, "मुलंबाळं?" म्हटलं, एक मुलगी, कॉलेजात आहे, हॉस्टेलवर राहते. "तिला माहीत आहे, हे तुम्ही केलं ते?" म्हटलं, नाही. "तिला सांगा. ती काय म्हणाली ते मला पत्रानं कळवा. बाकी मला तुमच्याकडून काही नको." आणि मशीन चालवायला लागली. आम्ही उठलो.

खाली उतरल्यावर भाऊजी माझ्यासोबत कोपऱ्यापर्यंत आले, "बस तिकडून मिळते" म्हणाले आणि वळले. ते ताठ चालत होते. मी बराच वेळ बघत होतो.

पोरीला सांगायला मला आठ दिवस लागले. हॉस्टेलच्या बाहेर बाकावर बसून सांगितलं, सगळंच सांगितलं, व्हरांड्यापासून. ती मध्ये एकदाच बोलली. "आतोबा? आपले आतोबा?" मला वाटलं ओरडेल, उठून जाईल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. पण ती म्हणाली, "बाबा, मी म्हणते ते. दर शनिवारी म्हणते. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या मुलींना मी शिकवलंय. तुम्ही केलंय हे माहीत नव्हतं, पण आवडायचं मला." आणि मग तोंड झाकून अशी रडायला लागली की शेजारच्या बाकावरची माणसं उठून गेली. माझा हात तिनं खांद्यावर ठेवू दिला नाही.

त्यानंतर ती फोन उचलत नाही. तिच्या आईशी बोलते, माझ्याशी नाही. बायकोलाही आता सगळं सांगितलंय. तीही कामापुरतंच बोलते. काल शनिवार नव्हता, तरी पॅकिंगमधून ते गाणं ऐकू आलं. मी मशीन मोठ्या वेगावर टाकलं.

त्या बाईंना मी जसं घडलं तसं लिहून पाठवलं. मुलगी काय म्हणाली तेही लपवलं नाही. तुमची शिक्षा माझ्यापेक्षा तिलाच जास्त झाली, असंही लिहिलं. ते लिहायला नको होतं बहुतेक.

आज उत्तर आलं. कार्डावर सही नाही, तारीख नाही, मला उद्देशून काही नाही. फक्त एवढंच आहे: "मुलीला रागावू नका."

बारक्या